ट्रॅक्टरचं तेल मस्टँगमध्ये गेलं, आता?

अण्णा, नमस्कार.

मी रावेर तालुक्यातला. घरी केळी आहे. गेल्या महिन्यात पुण्याहून जुनी, २०१७ ची फोर्ड मस्टँग घेतली. पाच लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन. नाशिक-मालेगाव करत घरी आणताना लळिंगच्या उतारावर एका वळणात तेलाचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. मी लक्ष दिलं नाही. धुळं सोडल्यावर पुन्हा लुकलुकला, म्हणून पारोळ्याला एका गॅरेजवर थांबलो. तेल मोजायची दांडी काढली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. झाकणावर ५डब्ल्यू-२० लिहिलेलं होतं, ते त्याच्याकडे नव्हतं. ट्रॅक्टर-ट्रकचं १५डब्ल्यू-४० होतं, त्यातलं एक लिटर टाकलं. "काय फरक पडतो भो, तेल ते तेलच," म्हणाला. गाडी घरी नीट आली, पण माझी झोप उडाली आहे. मित्र म्हणतो दोन तेलं आत फाटतात, इंजिन फ्लश कर. बापू, म्हणजे माझे मोठे काका, पस्तीस वर्षं ट्रॅक्टर आणि ट्रक सांभाळलेत, ते म्हणतात आपल्याकडच्या उन्हात असलं पाण्यासारखं तेल टिकतच नाही, सरळ २०डब्ल्यू-५० टाक. आणि मी असा हिशोब केलाय की ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-५० निम्मं-निम्मं मिसळलं तर मधलं, ३० चं तेल घरीच तयार होईल. काय करू?

— एक वाचक, रावेर तालुका

भाऊ,

तुमच्या पत्रात चार जण बोलतात. तुम्ही, तुमचा मित्र, बापू आणि तो पारोळ्याचा गॅरेजवाला. चौघांत सगळ्यात शहाणपणाचं काम गॅरेजवाल्यानं केलं. "तेल ते तेलच" हे त्याचं बोलणं चूक आहे, ते तिथंच सोडून द्या. पण दांडी कोरडी पडत आलेली असताना, योग्य तेल मिळेपर्यंत गाडी तशीच जळगावपर्यंत दामटा असं तो म्हणाला नाही. हाताशी होतं ते ओतलं. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

चूक झाली ती तुमची, आणि ती पारोळ्याच्या अलीकडे झाली. त्यावर येतो. आधी तुमच्या झोपेचं बघू.

दोन तेलं आत फाटत नाहीत. दुधात ताक पडल्यावर होतं तसं काही होत नाही, आणि शेवभाजीवर तर्री तरंगते तसं एक तेल दुसऱ्यावर तरंगतही नाही. डब्यावर एपीआयचा, म्हणजे तेलाचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, दर्जा छापलेला असेल, तर ते तेल दुसऱ्या प्रमाणित तेलांत मिसळतं हे आधीच तपासलेलं असतं. ठरावीक संदर्भ-तेलांत मिसळून, तापवून, थंड करून ते वेगळं होतं का, हे पाहतात. कारण सरळ आहे. लांबच्या रस्त्यावर तेल कमी पडलं की माणूस मिळेल ते टाकणार, हे तेल बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत चालत नाहीत हा समज जुना आहे, चालतात. आणि जगातलं प्रत्येक इंजिन थोड्याफार मिसळलेल्या तेलावरच चालतं. तेल बदलताना तुम्ही नट काढून कितीही वेळ निथळू द्या, वाटांमध्ये, कानाकोपऱ्यांत थोडं जुनं तेल राहतंच.

आता आकड्यांचं. ५डब्ल्यू-२० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा. पाठ्यपुस्तकात हिला श्यानता म्हणतात, गॅरेजात जाडी म्हणतात, आपणही जाडीच म्हणू. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. रावेरला जानेवारीत कितीही हुडहुडी भरली तरी आपण तिथून फार दूर आहोत, त्यामुळे तेल गोठण्याची चिंता काढून टाका.

दुसरा आकडा महत्त्वाचा. १०० अंशांना तेलाची जाडी सेंटिस्टोक या मापात मोजतात. ६.९ ते ९.३ च्या दरम्यान आली तर २० चा ग्रेड, ९.३ ते १२.५ मध्ये ३० चा, १२.५ ते १६.३ मध्ये ४० चा, आणि १६.३ ते २१.९ मध्ये ५० चा. म्हणजे २०, ३०, ४० ही खोक्यांवरची नावं आहेत, मापं नव्हेत. केळीच्या पेटीवर माल कोणत्या प्रतीचा ते लिहितात, आतल्या एकेका फण्याचं वजन लिहीत नाहीत, तसंच हे.

तुमच्या इंजिनात साडेसात लिटरच्या आसपास तेल मावतं. तुमच्याकडे सहा लिटर ५डब्ल्यू-२० उरलं होतं असं धरू. या ग्रेडचं तेल साधारण साडेआठ सेंटिस्टोकचं असतं. त्यात साधारण साडेचौदाचं एक लिटर १५डब्ल्यू-४० पडलं. सरासरी काढून चालत नाही, मिश्रणात पातळ तेलाचं पारडं जड राहतं, म्हणून उत्तर सरासरीच्या थोडं खाली येतं. आलं साधारण ९.२. म्हणजे तुमचं इंजिन आज २० च्याच खोक्यात आहे, ३० च्या उंबऱ्याला पाय लावून. ज्या गोष्टीनं तुमची झोप उडवली ती एवढीच आहे.

डिझेलच्या तेलात काही वेगळं असतं का? असतं. काजळी धुवायची म्हणून त्यात साफसफाईची रसायनं जास्त असतात, आणि झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं संयुगही बहुधा जास्त असतं. फॉस्फरस वर्षानुवर्षं जळत राहिला तर सायलेन्सरच्या वाटेतला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवतो. एका लिटरनं एकदा काही बिघडत नाही. तुमची गाडी टर्बोची, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी असती, तर मी थोडं कडक बोललो असतो. अशा लहान टर्बो इंजिनांत चुकीच्या तेलानं ठिणगीआधीच मिश्रण पेटून पिस्टन फुटू शकतो. त्यासाठीच २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे आले. तुमचं २०१७ चं व्ही-८ बिनटर्बोचं आहे आणि पेट्रोल इनटेकच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या, वाटेत फवारतं. तो धोका तुम्हाला नाही.

एकच शंका मात्र फेडून घ्या. पारोळ्याला फोन करा आणि डब्यावर 'इंजिन ऑइल' लिहिलं होतं ना, हे विचारा. ट्रॅक्टरवाल्याच्या फळीवर इंजिन ऑइलच्या शेजारीच हायड्रॉलिकचं, गिअरचं आणि ऑइल ब्रेकचं तेल ठेवलेलं असतं, डबेही बरेचदा सारख्याच रंगाचे. त्यातलं काही गेलं असेल तर गाडी सुरू करू नका, होती तिथंच तेल आणि फिल्टर बदलून घ्या. पण त्यानं तुम्हाला ग्रेड सांगितला, १५डब्ल्यू-४०, त्यावरून तसं झालेलं दिसत नाही.

फ्लश करू नका. ती इंजिन धुवायच्या रसायनाची बाटली ओतून, पातळ केलेल्या तेलावर पंधरा मिनिटं इंजिन चालवायचं, आणि तेही असं इंजिन जे नुकतंच दिवा लागून आलंय! मला पटत नाही. तेल आणि फिल्टर लवकर बदला, तेवढं पुरे.

बापूंबद्दल आता. त्यांना हसू नका. ते शिकले तेव्हाची इंजिनं सिंगल ग्रेड तेलावर चालत, आणि उन्हाळ्यात ४० चं, हिवाळ्यात ३० चं असं तेल बदलायची रीतच होती. मीही तसंच बदललंय. तेव्हा बेअरिंगमधली फट मोठी असे, झिजल्यावर आणखी मोठी होई, आणि जाड तेलानं आवाज खरंच दबायचा. पण त्या इंजिनात कॅमचा, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याचा, वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा नव्हती. तुमच्या मस्टँगमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडच्या कॅमना ती आहे, आणि ती तेलावर चालते. बारीक वाटांतून, छोट्या झडपांतून तेल वेळेवर जावं लागतं. शिवाय झीज होते ती मुख्यतः सकाळी सुरू करताना, तेल वर पोचेपर्यंतच्या त्या काही क्षणांत. ४० अंशांना २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-२० च्या तिपटीहून जाड असतं. आणि ४० अंश म्हणजे आपल्याकडे थंड इंजिनच की! मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभी गाडी तेवढी तापलेलीच असते.

उन्हाचा मुद्दा बापूंना असा समजावून सांगा. भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला म्हणून इंजिनातलं तेल तेवढ्याच पटीनं तापत नाही. थर्मोस्टॅट कूलंटला नव्वदच्या आसपास धरून ठेवतो, मग बाहेर नाशिकचा २५ अंश असो की आपला ४५. साध्या रस्त्यावर तेल शंभरच्या अलीकडे-पलीकडे राहतं. तेलाला खरा ताप देतो तो तुमचा उजवा पाय. बराच वेळ चढे आरपीएम, मागे भार, घाटात खालचा गिअर, रेसचा ट्रॅक. ऊन रेडिएटरची ताकद खातं, हे खरं. म्हणून उन्हाळ्याआधी कूलंट, पंखे आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा बघा. कापसाच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर उडणारा कापूस जाळीवर बसला की आतून दिसतही नाही.

तरी बापू पूर्ण चूक नाहीत, आणि हे तुम्हाला आवडेल. याच पाच लिटरच्या व्ही-८ च्या घराण्यात २०१२-१३ ला बॉस ३०२ नावाची मस्टँग निघाली होती, ट्रॅकवर पळवायची. तिला कंपनीनं ५डब्ल्यू-५० सांगितलं होतं. साध्या जीटीला, म्हणजे तुमच्यासारख्या व्ही-८ मस्टँगला, २० आणि तिच्या भावंडाला ५०! पण बॉसला वेगळे भाग होते, ऑइल कूलर होता आणि गिऱ्हाईक ती ट्रॅकवर नेणार हे गृहीत होतं. उलट रस्त्यावरच्या गाडीला २० सांगण्यात पेट्रोल वाचवण्याचा हिशोबही मोठा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यामुळे तुम्ही जर सांगितलंत, अण्णा, मला रात्रीच्या मोकळ्या हायवेवर पळवायचीच आहे, तर मी म्हणेन पूर्ण भरतीच ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिकची घाला. एक पायरी वर, साडेसातही लिटर एकाच डब्यातलं. ही माझी पसंती, कंपनीचं सांगणं नव्हे. शांतपणे चालवणार असाल तर झाकणावर लिहिलंय तेच. २०डब्ल्यू-५० बापूंच्या ट्रकला ठेवा.

आणि तुमचं घरचं मिश्रण? नको. आधी गणित चुकलं. २० आणि ५० चं मधलं तुम्ही ३० कसं काढलंत ते मला कळलं नाही, सरासरी तर ३५ येते, आणि असा ग्रेडच नाही. खऱ्या जाडीनं धरलं तर साडेआठ आणि साडेअठराचं निम्मं-निम्मं मिश्रण साडेबाराच्या आसपास येतं, म्हणजे बरोब्बर ३० आणि ४० च्या वेशीवर. कुठल्या कंपनीचा डबा यावर ते अलीकडे पडेल की पलीकडे, ते ठरेल. पण गणित बरोबर असतं तरी नको म्हटलं असतं. तेलात फक्त तेल नसतं. गरम झाल्यावर जाडी धरून ठेवणारी पॉलिमर असतात, साफ करणारी, काजळी तरंगत ठेवणारी, फेस मोडणारी रसायनं असतात, आणि एकेका कंपनीनं ती सगळी एकमेकांशी जुळवून, इंजिनावर चालवून पाहिलेली असतात. तुम्ही दोन डबे एकत्र केलेत की ती चाचणी तुमच्यापुरती रद्द. काही बिघडणार नाही कदाचित. पण बिघडलं तर कशानं, हे कुणालाच सांगता येणार नाही. बाजारात ५डब्ल्यू-३० तयार मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? लाखांची गाडी घेतलीय तुम्ही, दोन-चारशे रुपयांचा हा हिशोब तिला शोभत नाही.

आता मूळ दुखणं. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि तिन्ही आत गेलेल्या तेलाबद्दल आहेत. जे तेल आत नव्हतं, त्याबद्दल एक अक्षर नाही.

लाल दिवा तेल कमी झाल्याचा नसतो, तेलाचा दाब पडल्याचा असतो. उतारावर, वळणात तेल इंजिनाखालच्या पॅनच्या एका कडेला गेलं, पंपाच्या तोंडाला हवा लागली, दिवा लागला. त्या क्षणी बेअरिंगमधला तेलाचा पदर विरळ झाला होता. तेव्हाच बाजूला घेऊन गाडी बंद करायची. लळिंगपासून पारोळा म्हणजे चाळीसेक किलोमीटर आणि मध्ये अख्खं धुळं! मुंबई-आग्रा रस्त्यावर दर शंभर पावलांवर गॅरेज आहे हो. जाड-पातळ तेल मिसळल्यानं इंजिन बसलेलं मी वर्कशॉपच्या सगळ्या वर्षांत एकदाही पाहिलं नाही. दिवा बघूनही पुढे रेटल्यानं बसलेली इतकी पाहिलीत की मोजायचं सोडून दिलं.

तुमचं बहुधा निभावलंय. दिवा क्षणभरच लागला आणि गाडी नंतर नीट चालली. पण खात्री करून घ्या. तेल बदलाल तेव्हा जुना फिल्टर फेकू देऊ नका. तो कापायला सांगा, आतला घडीचा कागद उलगडा आणि उन्हात धरा. बारीक चमकी दिसते का पाहा. चमक जळगावच्या सराफ्यात छान दिसते, फिल्टरमध्ये दिसली की खर्च समजा. किंचित काळा गाळ असेल तर हरकत नाही. आणि सकाळी पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा बॉनेट उघडं ठेवून ऐका. खालून, खोलातून ठोका येत असेल तर गाडी ट्रॉलीवर घालून न्यायची, चालवत नाही.

मग ते लिटर-दीड लिटर गेलं कुठं? माझा पहिला संशय असा की ते कुठंही गेलेलं नाही, ते घातलंच नव्हतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना तीन ते पाच लिटर तेल लागतं. मिस्त्रीच्या हाताला त्याच डब्याची सवय. विकण्याआधी 'सर्व्हिस करून देतो' म्हणत कुणी पाच लिटरचा डबा आणि वर एक लिटर ओतून मोकळं झालं, असं सहज होऊ शकतं. फोर्डनं २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं, तेव्हापासून या गाड्या बरेचदा जिथं जमेल तिथं सर्व्हिस होतात, म्हणून हा संशय जास्तच. विकणाऱ्याकडे शेवटचं सर्व्हिसचं बिल मागा आणि तेलाचे लिटर वाचा. एवढ्यानं निम्मा उलगडा होईल.

तो नाही झाला, तर केळीच्या पेटीचा पुठ्ठा उलगडून रात्रभर इंजिनाखाली पसरा. डाग पडला तर गळती, आणि डाग कुठं पडला त्यावरून जागा कळेल. डाग नाही, पण सकाळी सुरू करताना निळसर धूर निघतो, तर व्हॉल्व्हची सीलं. पळवताना धूर निघतो, तर पिस्टनच्या रिंगांकडे बोट. कूलंटच्या टाकीत चहावरच्या सायीसारखा थर दिसला, तर हे पत्र खाली ठेवून आधी मिस्त्रीला बोलवा. शेवटी एक स्वस्तातलं कारणही तपासायला सांगा, इंजिनाची वाफ परत खेचणारी पीसीव्हीची झडप. अडकली तर इंजिन तेल पिऊ लागतं आणि लोक उगाच रिंगा बदलत बसतात.

तेल घेताना सीलबंद डबेच घ्या, बॅरलमधलं सुटं नको. आठ लिटर घ्या. एकदम सगळं ओतू नका. सात टाकून इंजिन फिरवा, दहा मिनिटं थांबा, मग दांडी बघत बघत भरा. उरलेलं डिकीत ठेवा, फडक्यात गुंडाळून. पुढच्या वेळी पारोळ्याला थांबलात तर फक्त चहासाठी थांबा, आणि त्या गॅरेजवाल्यालाही एक पाजा.

पुढचे दोन महिने दर रविवारी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी, दांडी एकदा पुसून दुसऱ्यांदा काढून पाहायची. किलोमीटर आणि दांडीवरची जागा वहीत लिहायची. हे काम बापूंकडे द्या, त्यांच्यासारखी दांडी तुम्हाला वाचता येणार नाही. फिल्टरमध्ये काय निघालं आणि हजार किलोमीटरला किती उतरलं, एवढे दोन आकडे मला कळवा.

— अण्णा